चढ इंजनाचा, उतार देवीचा

त्या दुपारला आता महिना उलटून गेला. दुपारची सुट्टी संपवून मुलं नुकतीच वर्गात येऊन बसली होती, पाढे सुरू व्हायचे होते, आणि शाळेच्या फाटकाशी मँगनीजचा एक ट्रक येऊन उभा राहिला. रहीमभाई ड्रायव्हर खाली उतरले आणि तिथेच थांबले. डोक्यावरची टोपी हातात. ते काहीतरी बोलत होते, पण ट्रक घरघरत होता, मला काही ऐकू येईना. मी जवळ जाऊन जरा चिडूनच म्हणाले, "अहो, गाडी बंद करा ना आधी." त्यांनी मान हलवली. "आज नहीं बंद होगी बाई. पीछे उस्ताद हैं." ... मग मी ट्रकच्या मागे पाहिलं. ताडपत्रीवर, कोणाच्या तरी चादरीखाली मामाजी होते. घाटमाथ्यावर बसल्या बसल्या गेले म्हणे. चहा मागवला होता, तो यायच्या आत.

आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. बाकी बालाघाट त्यांना डोमाजी उस्ताद म्हणायचं. उकव्याच्या खाणीतून मँगनीज भरून घाट उतरणारे अर्धेअधिक ड्रायव्हर त्यांच्या हाताखाली तयार झालेले. तेराव्याला आलेल्या माझ्या भावाने म्हटलं, तू मास्तरीण आहेस, त्यांच्यावर चार ओळी लिही, वर्तमानपत्राच्या पुरवणीत देऊ. मी लिहिते आहे. पण मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, तसलं लिहिणं मला जमणार नाही. या माणसाबरोबर मी एका छपराखाली वर्षानुवर्षं राहिले, त्यांच्या पानात वाढलं, त्यांची औषधं आणली, आणि त्यातली बरीच वर्षं त्यांच्यावर रागावलेली होते. हा राग वगळून लिहिलं तर तो माणूस दुसराच कोणीतरी होईल.

माझं लग्न झालं त्याच सुमाराला राज्यांच्या सीमा बदलल्या. माहेर तुमसरकडचं, ते मुंबई राज्यात गेलं, आणि सासर मध्य प्रदेशात राहिलं. आई रडत होती की पोरगी एका रात्रीत परराज्यात गेली. इथे येऊन पाहते तो घरात मराठी, अंगणात हिंदी, आणि मामाजींच्या तोंडी दोन्हींची खिचडी. लग्नानंतर आठवड्याभरात मला घाटावरच्या देवीला न्यायचं ठरलं. देवी म्हणजे मोहाच्या झाडाखालचा शेंदूर फासलेला दगड, पण ड्रायव्हर लोकांचं सगळं तिच्यापाशी. मामाजी गाडी चालवत होते, मी शेजारी पदर सावरत बसलेली, आणि आमचे हे मागे उभे. यांचं नाव मनोहर. जिभेने मी ते कधी घेतलं नाही, कागदावर पहिल्यांदाच लिहिते आहे.

ती गाडी लढाईतून उरलेली, लष्कराने विकायला काढलेली. पेट्रोलवर चालायची, हँडल मारून सुरू करावी लागायची, आणि घाट चढताना दर वळणावर तहानेने फुसफुसायची, की खाली उतरून नाल्याचं पाणी पाजा. घाट चढून देवीसमोर पोचलो, गाडी परत उताराकडे वळवली आणि मामाजींनी चावी फिरवली. इंजन बंद झालं. इतका वेळ कानात घुमणारा आवाज एकदम गेला आणि जंगलातला एकेक पक्षी ऐकू यायला लागला. त्यांनी हात जोडले, मी जोडले. नारळ फुटला. मग इंजन सुरू न करताच त्यांनी हँडब्रेक सोडला, आणि ती एवढी जड गाडी बैलगाडीसारखी आपणहून उताराला लागली. नुसता चाकांखालच्या खडीचा आवाज. मी घाबरून दाराची कडी धरली, तर हसून म्हणाले, "भिऊ नको बाई. चढ इंजनाचा, उतार देवीचा."

मला तो उतार फार आवडला, खोटं कशाला बोलू. नव्या नवरीला सासरी आवडलेली ती पहिली गोष्ट.

ही रीत त्यांनीच पाडलेली होती. कामठीच्या छावणीत ते गाडी शिकले, लढाईच्या काळात पेट्रोल जपून वापरावं लागे, म्हणून उताराला इंजन बंद. शिवाय चढून तापलेलं इंजन उतरता उतरता थंड होई. गाडीमालक शेठ खूश, इंजनाला विसावा, आणि ब्रेक तर निव्वळ पायाच्या जोराचा, इंजन चालू असो की बंद, त्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं. थोडक्यात, त्या गाडीसाठी ती रीत शहाणपणाचीच होती. मामाजींनी वर देवी जोडून दिली. आईसमोर घरघर करायची नाही, बंद करायची, हात जोडायचे आणि तशीच सोडायची. त्यामुळे झालं असं की जी गोष्ट पेट्रोल वाचवायला सुरू झाली होती ती पूजेत जमा झाली. पूजेतल्या गोष्टीला कारण कोण विचारतं? नव्या ड्रायव्हरला मामाजी आधी ही रीत शिकवत, मग गिअर. आमच्या ह्यांनाही तसंच शिकवलं. उलट मुलाला जरा जास्तच कडक.

मग नवे ट्रक आले. आपल्याच देशात बनलेले, डिझेलवर चालणारे. त्या दिवसांत आपल्या देशात काहीही बनलं की माणसं सुईचंही कौतुक करायची, हा तर एवढा ट्रक. हँडल मारायला नको, बटण दाबलं की सुरू. बंद करायला चावीही नाही, समोरचा एक खटका बाहेर ओढायचा की इंजन गप्प. जुन्या गाडीच्या दीडपट माल. शेठने पहिला ट्रक घेतला तेव्हा त्याच्या आवारात अर्धं गाव लोटलं होतं. मी आरतीचं ताट घेऊन उभी होते. गाडीबरोबर नागपूरहून एक फिटर आला होता, चष्मेवाला, कोवळ्या मिशांचा. एवढ्या गलक्यात, नारळ फुटत असताना, तो मामाजींना म्हणाला, "उस्ताद, एक बात ध्यान रखना. इसका ब्रेक इंजन के दम पर लगता है. घाट में इंजन बंद मत करना." मामाजींनी हळदीकुंकवाचं बोट गाडीच्या कपाळाला लावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "मशीन तुम्हारी नयी है बेटा, घाट हमारा पुराना है." लोक खो खो हसले. आमचे हेसुद्धा हसले. फिटरही बिचारा ओशाळून हसला आणि प्रसादाचं खोबरं खाऊ लागला.

नंतर मी पुष्कळदा विचार केला आहे. कुठल्या तरी लांबच्या कारखान्यात शिकलेली माणसं बसतात, कागदावर रेघा मारतात, ब्रेक हलका करतात, का तर ड्रायव्हरचा पाय दुखू नये, माल जास्त नेता यावा. चांगलंच करतात. मोटारी बदलत जातात, दर दोन-चार वर्षांनी काहीतरी नवं. पण तो बदल आमच्या घाटापर्यंत कोण आणून पोचवतं? एक कोवळा फिटर, एक वाक्य, आणि तेही नारळ फुटण्याच्या आवाजात. आणि ज्याच्या कानावर ते पडायला हवं त्याचा अख्खं गाव जयजयकार करत असतं.

नवी गाडी मामाजींनी स्वतः घेतली नाही. "नवं पोराले, जुनं मले," म्हणाले. त्यात नुसता अभिमान होता. सुरुवातीचे काही महिने ती गाडी वाराशिवनीकडे, सपाट रस्त्याने धान वाहत होती. काही झालं नाही. मग शेठने तिला उकव्याच्या मालावर लावलं. आंब्यांचे दिवस होते. सकाळी हे निघाले तेव्हा कुंदा, आमची मुलगी, पाळण्यात झोपली होती, तिच्या पायाला हात लावून गेले. दुपारच्या आत इसराम रक्ताळलेल्या कोपरांनी अंगणात येऊन उभा राहिला. इसराम माल भरणाऱ्या गड्यांचा म्होरक्या, त्या दिवशी यांच्या शेजारी बसलेला. दुसऱ्या वळणावर हे त्याला ओरडून म्हणाले, कूद, आणि त्याने उडी मारली.

त्याचं सांगणं मला शब्दन् शब्द पाठ आहे. "बाई, देवीपाशी बंद केली. हात जोडले. सोडली. पयल्यांदा बिरेक लागला, मंग लागला, मंग पाय खालीच जाईना. दगडावर पाय देऊन राह्यलो, असं म्हणत होते. गिअर टाकून पाह्यला, नुसता कडकड वाजे. मले म्हणे, कूद. मी म्हटलं तुम्हीबी कुदा. तं म्हणे, खालून बैलगाड्या येऊन राह्यल्या." बैलगाड्या वाचल्या. यांनी ट्रक डोंगराच्या अंगाला घासत नेला आणि मग तो उलटला.

गाडी बनवणाऱ्यांकडून एक साहेब तपासायला आला. ब्रेक उघडून पाहिले, सगळं धड. मग आत डोकावून त्याने इंजन बंद करायचा खटका दाखवला, तो बाहेर ओढलेला होता. "ड्रायव्हर ने इंजन बंद किया था," एवढंच बोलला. आणि त्या एका वाक्यावर गावाने पुढचा सगळा इमला उभा केला. पोरगा चुकला. बापाचं नाव बुडवलं. कोणी म्हणे नारळ फोडला नसेल, कोणी म्हणे बाईचा विटाळ होता घरात, आणि एकाने तर दारूचा वास आला म्हणून सांगितलं, जो माणूस त्या दिवशी घाटावर नव्हताच. यांनी जन्मात दारूला हात लावला नव्हता. आणि हे सगळं चाललेलं असताना मामाजी आमच्या ओसरीवर मान खाली घालून बसलेले. समाचाराला आलेला प्रत्येक ड्रायव्हर त्यांच्या गुडघ्याला हात लावी आणि म्हणे, "उस्ताद, तुम्ही काय कराल, तुम्ही तं बरोबर शिकवलतं." ते काही बोलत नसत. नुसती मान हलवत. मी आतून ऐकत असे. नवरा गेला तो गेलाच होता, आता त्याचं नावही माझ्या डोळ्यांदेखत मातीत घालत होते, आणि ते सावरू शकेल असा एकच माणूस होता, तो माझ्याच घरात जेवत होता.

पावसाळा असाच गेला. एक दिवस त्यांना वाढताना मी भाकरी हातातच धरून म्हणाले, "मामाजी, त्या फिटरनं काय सांगितलं होतं, ते मी ऐकलं होतं. तुमच्या मागंच उभी होती मी." त्यांचा घास हातात राहिला. म्हणाले, "तो पोट्टा होता बाई. त्याले काय समजते घाटातलं?" आणि हात धुऊन उठले. पान तसंच राहिलं. मला वाटलं, संपलं. हा माणूस आता कधी बोलणार नाही.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "सूनबाई, चाल माह्यासंगं." मला घेऊन शेठच्या आवारात गेले. शेठने तोवर तसाच दुसरा ट्रक घेतला होता. मला म्हणाले, वर चढ. आयुष्यात मी ड्रायव्हरच्या जागेवर कधी बसले नव्हते. त्यांनी गाडी सुरू केली, थोडा वेळ चालू दिली, मग खटका ओढून बंद केली. "आता बिरेकवर पाय ठेव. दाब." मी दाबला. पाय लोण्यात गेल्यासारखा खाली गेला. "सोड. अजून दाब." पुन्हा गेला, जरा कमी. "अजून." आणि मग पाय जाईना. मी दोन्ही हातांनी चाक धरून अंगाचा सगळा भार घातला. दगड... इसराम म्हणाला होता तोच दगड, माझ्या चपलेखाली. मी मामाजींकडे पाहिलं. ते पायरीवर उभे होते, दाराला धरून, आणि त्यांच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं. "रात्रीपासून मनात होतं का मी स्वतः पाहावं," ते म्हणाले. "पहाटे येऊन पाह्यलं. असंच झालं. पोराचा पाय असाच... बाई, मीच त्याले घाटावरून ढकललं."

मी काय म्हणायला हवं होतं? पुस्तकातली सून असते तर त्यांचे पाय धरले असते. मी म्हणाले, "हे मले सांगून काय फायदा? मी त्यांना चुकलेलं म्हटलंच नव्हतं. ज्यांनी म्हटलं त्यांना सांगा." ते म्हणाले, "लोकं मले उस्ताद म्हणतात बाई. आता माह्यापाशी तेवढंच उरलं हाये." मी खाली उतरले आणि एकटी घरी आले. ते वाक्य मला कळलं होतं, म्हणूनच जास्त राग आला.

दसऱ्याला सगळ्या गाड्या धुऊन, झेंडूच्या माळा घालून शेठच्या आवारात उभ्या राहतात. ड्रायव्हर नवे कपडे घालून येतात, आणि पहिला नारळ मामाजींच्या हातचा, हे ठरलेलं. त्या वर्षी त्यांनी नारळ हातात घेतला आणि खाली ठेवला. म्हणाले, "आधी एकेकानं या गाडीत बसा." आणि मला जसं बसवलं होतं तसं प्रत्येक ड्रायव्हरला बसवलं. इंजन सुरू, मग बंद, मग पाय. आधी थट्टा चालली होती. दोघं-तिघं बसून उतरले तशी थट्टा थांबली. प्रत्येक जण उतरताना आपल्या पायाकडे पाहत होता. सगळे झाल्यावर मामाजी बोलले, आणि मी बायकांच्या घोळक्यात उभी राहून ते ऐकलं. "माह्या पोरानं मी शिकवलं तेच केलं. देवीपाशी बंद केली, हात जोडले, सोडली. मनोहर चुकला नाही. मी चुकलो. मले फिटरनं सांगतलं होतं, मी त्याले हसलो. आजपासून ज्या गिअरात घाट चढान, त्याच गिअरात उतरान. इंजन चालू पायजे."

 मग रहीमभाई म्हणाले, "उस्ताद, देवी के सामने चालू गाड़ी? अच्छा नहीं लगेगा." आणि बाकीच्यांनीही माना डोलावल्या. मुसलमान ड्रायव्हरला देवीच्या मानाची सगळ्यांत आधी काळजी, हे आमच्या बालाघाटलाच होतं. मामाजी म्हणाले, "ती आई हाये का नाही? लेकरं घरी पोचून राह्यले तं तिले आवाजाचं काय वाटन?" नारळ त्यांनी फोडला नाही. रहीमभाईंच्या हातात दिला, आणि त्यानंतर कधीच पहिला नारळ त्यांनी घेतला नाही.

कोणी त्यांचं लगेच ऐकलं असं समजू नका. इतकी वर्षं ज्याने बंद करायला शिकवलं त्याच्या एका दिवसाच्या बोलण्याने हात कसा थांबणार? घाटमाथा आला की हात आपोआप खटक्याकडे जायचा. म्हणून मामाजींनी गाडी सोडली आणि रोज सकाळच्या बसने घाटावर जाऊन देवीजवळच्या दगडावर बसायला सुरुवात केली. भरलेला ट्रक आला की ओरडायचे, "चालू ठेव रे!" आणि ड्रायव्हरने उत्तर दिल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचे नाहीत. "चालू हाये, उस्ताद!" थंडीत कांबळं, उन्हात छत्री, मी बांधून दिलेली भाकरी. काही जण त्यांना वेडं म्हणू लागले. मला मास्तरणीच्या परीक्षेला बसवायचा हट्टही त्यांचाच, आणि मी अभ्यासाला बसले की घाटावरून दमून आलेला हा माणूस कुंदाला मांडीवर घेऊन तिला ट्रकचे आवाज काढून दाखवायचा. त्या मुलीला आज मराठीपेक्षा हिंदी बरी येते, पण कुठली गाडी चढते आहे आणि कुठली उतरते आहे ते डोळे मिटून सांगते.

मी त्यांना माफ केलं का? रहीमभाईंच्या बायकोने मला हे तेराव्याच्या दिवशीच विचारलं. मी म्हटलं, अर्धं. यांचं नाव त्यांनी परत दिलं, चारचौघांत, स्वतःचं नाव मोडून दिलं, आणि हे करायला छातीच लागते. पण ते नाव गेलं होतं ते त्यांच्याच गप्प बसण्याने, आणि माणूस तर कोणीच परत देऊ शकत नव्हतं. कधी कधी त्यांना वाढताना माझ्या हातून ताट जरा जोरात आपटलं जायचं. ते ताट ओढून घ्यायचे आणि जेवायचे. मला वाटतं त्यांनाही माझ्याकडून पुरती माफी नको होती. असती तर रोज घाटावर कशाला गेले असते?

गेल्या आठवड्यात शाळेच्या कामाने उकव्याला जावं लागलं. परतताना बसमध्ये पुढच्याच बाकावर जागा मिळाली. ड्रायव्हर अगदी नवा होता, मला ओळखत नव्हता, मामाजींच्या हाताखालचाही नव्हता. घाटमाथ्यावर आलो. मोहाच्या झाडाखाली देवी, शेजारी तो दगड, बसून बसून गुळगुळीत झालेला. त्याच्यावर कोणीतरी त्यांची छत्री टेकवून ठेवली होती. बस थांबली. ड्रायव्हरने हात जोडले. इंजन चालू होतं, खिडक्यांच्या काचा खडखडत होत्या, माझ्या पायांखालचा पत्रा थरथरत होता. मग त्याने गिअर टाकला, आणि त्या रिकाम्या दगडाकडे तोंड करून, कोणी काही विचारलेलं नसताना, ओरडला, "चालू है, उस्ताद!"

बस गुरगुरत घाट उतरू लागली. लग्नानंतरची ती पहिली शांतता मला फार आवडली होती, तिची आठवण अजून येते... पण खाली सपाट रस्ता लागेपर्यंत मी इंजनाचाच आवाज ऐकत बसले.